हिरसुटा की फ्लेक्सुओसा? मोहरीच्या कुळातल्या दोन सारख्या तणांची ओळख

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला नर्सरीतून आणलेल्या कुंडीच्या काठाशी, फरशीच्या फटीत, वाफ्याच्या मोकळ्या मातीत एक वीतभर उंचीचं तण दिसतं. जमिनीलगत पानांचा गोल झुपका, मधून वर आलेली बारीक दांडी, टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा जेमतेम मोठी पांढरी फुलं आणि सुईसारख्या उभ्या शेंगा. हे बहुधा कार्डामिनी हिरसुटा, तिथल्या बोलीत हेअरी बिटरक्रेस. 'बहुधा' म्हणायचं कारण म्हणजे हिची सख्खी नातेवाईक कार्डामिनी फ्लेक्सुओसा, म्हणजे वेव्ही बिटरक्रेस. तीही त्याच देशात, पुष्कळदा त्याच बागेत उगवते आणि फोटोत दोघी सहज एकमेकींच्या नावावर खपतात.

मराठीत या दोघींना रूढ नावं नाहीत, म्हणून लेखात हिरसुटा आणि फ्लेक्सुओसा असंच म्हटलं आहे. कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. मोहरी, मुळा आणि अळीव याच कुळातले. मुळ्याचं फूल आणि डिंगरी ज्यांनी नीट पाहिली आहे, त्यांना या झाडांची अर्धी रचना आधीच ठाऊक आहे: चार पाकळ्या फुलीसारख्या, आणि शेंग लांबट.

गोंधळ मुळात का होतो

पहिली अडचण नावातच आहे. लिनिअसने 1753 मध्ये हिरसुटा हे नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसाळ. प्रत्यक्षात हिरसुटाचं खोड बहुतेक वेळा गुळगुळीत असतं. लव असते ती पानांच्या वरच्या बाजूला आणि पानाच्या देठाच्या कडेला. खोडावर ठसठशीत लव असते ती फ्लेक्सुओसाच्या. फ्लेक्सुओसा हे नाव विल्यम विदरिंग यांनी 1796 मध्ये दिलं, तेच विदरिंग ज्यांनी डिजिटॅलिस (फॉक्सग्लोव्ह) या झाडाचा औषधी उपयोग 1785 मध्ये मांडला. या नावाचा अर्थ नागमोडी, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. तेव्हा 'केसाळ दिसतंय म्हणजे हिरसुटा' हा हिशेब पहिल्याच पावलाला सोडून द्यावा. सर्वांत जास्त चुका त्यापायीच होतात.

दुसरं कारण जास्त खोलातलं आहे. फ्लेक्सुओसा ही अर्धी हिरसुटाच आहे. हिरसुटा द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, एकूण 16 गुणसूत्रांची. कार्डामिनी अमारा नावाची, ओढ्याकाठच्या दलदलीत वाढणारी आणखी एक जाती आहे, तीही 16 गुणसूत्रांची. या दोघींच्या संकरातून, गुणसूत्रं दुप्पट होऊन, 32 गुणसूत्रांची फ्लेक्सुओसा तयार झाली. हे गुणसूत्रांच्या अभ्यासातून 2014 मध्ये स्पष्ट झालं. म्हणून फ्लेक्सुओसात हिरसुटाचं रूप दिसणारच. आपण शोधायचं ते अमाराकडून आलेलं: पूर्ण संख्येचे पुंकेसर, ओलीची ओढ, जास्त पानाळ खोड, जास्त दिवसांचं आयुष्य. ही गोष्ट डोक्यात ठेवली की पुढच्या खुणा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

काय सोबत घ्यायचं

दहा पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, शिवणकामाची सुई आणि काळ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा. पांढरी पाकळी आणि पिवळे परागकोश काळ्यावर स्वच्छ उठून दिसतात. नमुना घ्यायचा असेल तर कागदी पाकिटं. प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलं घामेजून चिकटतात आणि मग पुंकेसर मोजता येत नाहीत.

ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्यानुसार जमीनमालकाच्या परवानगीवाचून कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटता येत नाही, मग ते तण का असेना. स्वतःच्या बागेत प्रश्न नाही. बाहेर मात्र एक फुलोरा आणि खोडाचे फोटो एवढ्यावर काम भागवावं.

आधी कूळ आणि प्रजाती (म्हणजे कार्डामिनी) पक्की करा

ही पायरी दोन मिनिटांची आहे, पण गाळू नका. पान संयुक्त आहे ना, म्हणजे मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना सुट्या पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठी, गोलसर किंवा मूत्रपिंडाच्या आकाराची पर्णिका आहे ना, ते पाहा. पान अखंड असेल आणि भिंगाखाली त्यावरची लव फाटे फुटलेली दिसली, तर ते अरॅबिडॉप्सिस थॅलियाना. प्रयोगशाळांतून जगभर वाढवलं जाणारं हे झाड ब्रिटनमध्ये भिंतींवर आणि कुंड्यांतही आपोआप उगवतं. कार्डामिनीची लव साधी, बिनफाट्याची असते. शेंग त्रिकोणी, पत्त्यांतल्या बदामासारखी असेल तर ते कॅप्सेला, याच कुळातलं आणखी एक तण. फुलं फिकट जांभळी आणि सेंटिमीटरभर मोठी असतील तर कार्डामिनी प्रॅटेन्सिस. खोडावरच्या पानांच्या देठाच्या तळाशी खोडाला कवटाळणारे टोकदार कान असतील तर कार्डामिनी इम्पेशन्स. आपल्या दोघींना असे कान नसतात.

पुंकेसर मोजणे

हीच मुख्य खूण. मोहरीचं फूल उघडून पाहिलं तर सहा पुंकेसर दिसतात: चार उंच आणि दोन बुटके. बुटके दोघे समोरासमोर, जरा बाहेरच्या बाजूला बसलेले असतात. फ्लेक्सुओसात हे सहाही असतात. हिरसुटात ते बाजूचे दोन बुटके सहसा नसतातच आणि चार उरतात.

फूल जेमतेम तीन मिलिमीटरचं असल्यामुळे रीत महत्त्वाची आहे. नुकतं उमललेलं फूल घ्या. कळी नको, आणि ज्याच्या मधली शेंग पाकळ्यांच्या वर निघाली आहे तेही नको. फूल काळ्या कागदावर आडवं ठेवा, सुईच्या टोकाने आधी हिरवी निदलं आणि मग पाकळ्या बाजूला करा. मध्ये उरते ती हिरवी काडी म्हणजे स्त्रीकेसर, ती मोजायची नाही. तिच्याभोवती पिवळ्या टोकांच्या बारीक दांड्या दिसतील. परागकोश गळला असेल तर नुसती दांडी असते, तीही मोजा. बुटके दोन आहेत की नाहीत हे ठरवायला फूल फिरवून दोन्ही बाजूंनी पाहावं लागतं. वरून एकदाच पाहिलं तर उंच पुंकेसरांच्या आड बुटके लपतात आणि फ्लेक्सुओसाची हिरसुटा होते.

एका फुलावर थांबू नका. तीन झाडं, प्रत्येकी किमान तीन-चार फुलं. हिरसुटात मधूनच पाच, क्वचित सहा पुंकेसरांची फुलं निघतात, आणि फ्लेक्सुओसातही एखाद्या फुलात संख्या कमी भरते. बहुसंख्य फुलं काय सांगतात ते धरायचं. आकडे वहीत फुलागणिक लिहा: '4, 4, 5, 4'. नुसतं 'चार' असं लिहिलेली नोंद नंतर तपासता येत नाही.

पाकळ्या मोजून काही साधत नाही. हिरसुटात पाकळ्यांची संख्याच अस्थिर असते, चारपासून शून्यापर्यंत काहीही. तिला त्याने फारसं बिघडत नाही, कारण ती स्वतःचे पराग स्वतःच घेऊन शेंगा धरते.

खोड हाताळा, मग भिंगाने पाहा

खोडाचा खालचा तिसरा भाग पाहायचा, वरचा नाही. खोड आकाशाच्या दिशेने आडवं धरलं की लव कडेवर चमकते. हिरसुटाचं खोड गुळगुळीत असतं, फार तर तळाशी चार-दोन केस. फ्लेक्सुओसाच्या खोडावर, विशेषतः खालच्या भागात, पांढरी, साधी, उभी लव सहज दिसते.

मग खोडाची चाल. फ्लेक्सुओसाचं खोड प्रत्येक पानापाशी थोडी दिशा बदलतं, म्हणून ते नागमोडी दिसतं. हिरसुटाची दांडी सरळसोट, आणि तळाच्या झुपक्यातून अशा पाच-सात दांड्या एकदम वर येतात. इथे एक सावधगिरी हवी. गवत कापायच्या यंत्राखाली सापडून पुन्हा फुटलेली, कुंडीखालून वाट काढून वर आलेली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात उजेडाकडे झुकलेली हिरसुटाही वाकडीतिकडी होते. उलट, उघड्या कोरड्या जागेतली बुटकी फ्लेक्सुओसा सरळ उभी राहते. म्हणून नागमोडीपणा ही साथीची खूण समजावी, निर्णायक नव्हे. लव जास्त भरवशाची.

खोडावरची पानं मोजा

फुलोऱ्याच्या मुख्य दांडीवर, तळाचा झुपका सोडून, किती पानं आहेत? हिरसुटात एक ते चार, तीही लहान आणि अरुंद पर्णिकांची. तिचा सगळा संसार जमिनीलगतच्या झुपक्यात असतो, आणि फुलं-शेंगा धरेपर्यंत तो झुपका घट्ट आणि टवटवीत राहतो. फ्लेक्सुओसाच्या खोडावर चार ते दहा पानं, मोठी आणि ठळक, आणि तळाचा झुपका विस्कळीत. लांबून पाहिलं तर हिरसुटा 'खाली पानं, वर काड्या' अशी, तर फ्लेक्सुओसा खालपासून वरपर्यंत पानाळ. चार पानांची झाडं दोन्ही बाजूंना बसतात. तिथे पुन्हा पुंकेसरांकडे वळायचं.

उंचीचा उपयोग थोडा. हिरसुटा साधारण 5 ते 30 सेंटिमीटर, फ्लेक्सुओसा 10 ते 50. तीसच्या बरीच वर गेलेली असेल तर फ्लेक्सुओसाचा संशय घ्यावा, इतकंच.

शेंगा फुलांच्या वर की खाली

दोघींच्या शेंगा मिलिमीटरभर रुंद आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब, त्यामुळे मापाने फरक पडत नाही. पाहायची ती ठेवण. हिरसुटाच्या कोवळ्या शेंगा देठासकट दांडीला धरून सरळ वर जातात आणि उमललेल्या फुलांच्या गुच्छाला मागे टाकतात. फुलं शेंगांच्या कुंपणात बसल्यासारखी दिसतात. फ्लेक्सुओसाच्या शेंगा बाहेर कलून वर वळतात, आणि फुलं त्यांच्या बरोबरीला किंवा जरा वर राहतात. ही खूण फुलोरा भरात असतानाच चालते. फुलं संपून फक्त शेंगा उरल्या की 'वर' कशाच्या, हा प्रश्न उरतो.

शेंगेला हात लावताना डोळे सांभाळा. मोहरीची शेंग वाळून मग तडकते. कार्डामिनीची शेंग हिरवी, रसरशीत असतानाच फुटते. तिच्या दोन झडपांच्या बाहेरच्या पेशी आखडू पाहतात, आतला कठीण थर त्यांना अडवून धरतो, आणि ताण सुटला की झडप झटक्यात गुंडाळी होऊन बिया भिरकावते. जर्मनीत कोलोन इथल्या मॅक्स प्लांक वनस्पतिप्रजनन संशोधन संस्थेतल्या गटाने हिरसुटाच्या शेंगेचा हा ताण पेशींच्या पातळीवर मोजला आणि 2016 मध्ये प्रसिद्ध केला. बीला सेकंदाला सुमारे 10 मीटरचा वेग अर्ध्या मिलिसेकंदात मिळतो, आणि ती दोन मीटरच्या आसपास जाऊन पडते.

जागा आणि ऋतू: शेवटी पाहायचं

हिरसुटा शरदात रुजते, झुपक्याच्या रूपात हिवाळा काढते, फेब्रुवारीपासून फुलते आणि मोकळ्या जमिनीवर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बी टाकून मरते. कुंड्यांत आणि काचघरांत रोज पाणी मिळत असल्यामुळे तिच्या वर्षात अनेक पिढ्या होतात. तिला उघडी माती, भिंती, खडी, फटी आवडतात. फ्लेक्सुओसा सावलीच्या, ओलसर जागी, ओढ्याकाठी, जंगलातल्या पायवाटांच्या कडेला वाढते, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत फुलते आणि एकाहून जास्त वर्षं टिकू शकते.

हे सगळं खरं असूनही शेवटी का ठेवलं? कारण फ्लेक्सुओसाने दोन्ही पूर्वजांकडून घेतलं आहे. ओल तिला चालते, आणि बऱ्यापैकी कोरडी जागाही चालते. बागेतल्या नळापाशी, पाणी ठिबकणाऱ्या कुंडीखाली दोघी शेजारी-शेजारी सापडतात. जागा पाहून आधी नाव ठरवलं की पुंकेसर मोजताना डोळे त्याच नावाची बाजू घेतात.

जुळलं नाही तर

पुंकेसर, खोडाची लव आणि खोडावरच्या पानांची संख्या या तीन खुणा वजनदार. तिन्ही एका बाजूला असतील तर नाव नक्की. दोन जुळल्या आणि त्यांतली एक पुंकेसरांची असेल, तरी नाव द्यायला हरकत नाही. पुंकेसर एकीकडे आणि बाकीच्या दोन दुसरीकडे असतील तर 'हिरसुटा किंवा फ्लेक्सुओसा' अशी नोंद करून दोन आठवड्यांनी परत जावं. डिसेंबर-जानेवारीतल्या नुसत्या झुपक्याला नाव देऊच नये. झुपक्यावरून या दोघी खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत, आणि फोटोवरून नाव सुचवणारी ॲप सर्वांत जास्त तिथेच फसतात.

आणखी एक शक्यता डोळ्यांआड करू नका. सहा पुंकेसर, पण खोड जवळजवळ गुळगुळीत, पानांची वरची बाजूही गुळगुळीत, टोकाची पर्णिका तीन भागांत कापल्यासारखी आणि फुलण्याच्या वेळेला तळाचा झुपका गायब, असं झाड मिळालं तर ती कार्डामिनी ऑकल्टा असू शकते. ही 64 गुणसूत्रांची, पूर्व आशियातली. भातखाचरातलं तण म्हणून तिला तिथे फार काळ फ्लेक्सुओसा म्हणूनच ओळखलं जात होतं, पण युरोपातली फ्लेक्सुओसा वेगळी आहे हे आता पक्कं झालं आहे. कुंडीतल्या रोपांबरोबर ती युरोपातही पोचली आहे. भारतातल्या जुन्या वनस्पतीसूचीत किंवा एखाद्या वनस्पतिसंग्रहाच्या चिठ्ठीवर 'फ्लेक्सुओसा' दिसलं, तर ते नाव युरोपीय जातीचंच आहे असं धरून चालू नये. खोड आणि पान भिंगाखाली पाहावं.

नमुना आणि फोटो

फोटो तीन हवेत: पूर्ण झाड पट्टीसकट, खोडाचा तळ बाजूने प्रकाश पाडून, आणि पाकळ्या बाजूला केलेलं फूल काळ्या कागदावर. वरून काढलेला पानांचा सुंदर फोटो ओळखीच्या कामाचा नसतो.

दाबून ठेवायचं असेल तर आधी फुलोऱ्यावर पाकीट चढवा, मगच झाड उचला, नाहीतर शेंगा वाटेतच रिकाम्या होतात. वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवून वजन द्या. पहिले दोन-तीन दिवस कागद रोज बदला, कारण ओल राहिली तर पांढऱ्या पाकळ्या तपकिरी पडतात. काही फुलं कागदाच्या छोट्या पुडीत वेगळी ठेवा, म्हणजे पुंकेसर नंतर कोमट पाण्यात भिजवून पुन्हा मोजता येतील. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बोटॅनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंडची जिल्हावार नोंदणीकार मंडळी आहेत, त्यांच्याकडे असा नमुना तपासायला देता येतो.

खायचं असेल तर, काढून टाकायचं असेल तर

दोघीही खाण्याजोग्या. नावात 'बिटर' असलं तरी कोवळ्या पानाला कडवटपणा फारसा नसतो. असते ती मोहरीसारखी झिणझिण. मोहरी फेसताना दाणे चिरडले आणि पाणी लागलं की जो झणका उठतो, तीच रसायनं इथे आहेत. पान चावल्यावर पेशी फुटतात, विकर आणि ग्लुकोसिनोलेट एकत्र येतात आणि तिखटपणा तयार होतो. शिजवलं की विकर मरतं आणि चव सपाट होते, म्हणून कच्चीच, कोशिंबिरीत बारीक चिरून घालावी. फुलोरा येण्याआधीचा झुपका सर्वांत चांगला, नंतर दांड्या चिवट होतात. हिरसुटाचा झुपका भरगच्च असल्यामुळे चवीसाठी तीच सोयीची.

फ्लेक्सुओसा ओढ्याकाठची असेल आणि वरच्या बाजूला मेंढ्या किंवा गुरं चरत असतील, तर कच्ची खाऊ नका. यकृतातल्या चपट्या कृमीच्या अळ्या अशा पाणथळ पानांवर कवच करून बसतात आणि धुण्याने निघतीलच असं नाही. चव गेली तरी चालेल, शिजवूनच खा. तणनाशक मारलेली फरशी आणि कुत्री फिरवायच्या वाटा दोन्ही जातींसाठी वर्ज्य.

तण म्हणून काढायचं तर वेळ हीच सगळी गोष्ट आहे. पहिलं फूल दिसलं की उपटा, शेंगांची वाट पाहू नका. फुलावर असलेलं झाड उपटून तिथेच टाकलं तर उरलेल्या ओलीवर कोवळ्या शेंगा पिकू शकतात, म्हणून ते उचलून न्यावं. शेंगा धरलेलं झाड थंड कंपोस्टच्या ढिगात टाकू नये, बी मरत नाही. नवीन कुंडी आणली की वरची दोन सेंटिमीटर माती काढून टाका आणि खडीचा किंवा सालींचा थर द्या, कारण या दोघींचं बी नर्सरीच्या मातीच्या वरच्या थरातूनच घरी येतं. हिरसुटाची मुळं उथळ असतात, चिमटीत येते. फ्लेक्सुओसा ओल्या मातीत जास्त पसरलेली असते, तिला खुरप्याने मुळासकट उचलावं लागतं, नाहीतर तळ फुटून ती पुन्हा वर येते.